पूर्ण नोंदणी घे, अर्ध्यावर थांबू नकोस

नागपूर

प्रिय लेकी,



तुझं पत्र मिळालं. बी.ए.ला मानसशास्त्रात पहिला वर्ग आला, याचा मला तुझ्या आईइतकाच आनंद झाला. मामा म्हणतो बी.एड. कर. यवतमाळच्या एका संस्थेची जाहिरात तीन महिन्यांत समुपदेशक करून देते म्हणते. आणि तुझ्या मनात मात्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं आहे. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, ‘मावशी, आपल्यासारख्यांना हे जमतं का?’

जमतं. पण वाट लांब आहे, खर्चाची आहे आणि ती आखताना तुझ्यासारखी मुलगी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. तेव्हा कुठे काय आडवं येतं ते आधी समजून घे, म्हणजे अडलीस की दोष स्वतःच्या बुद्धीला देणार नाहीस.

आधी कायद्याचं. आपल्या देशात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही पाटी कुणालाही लावता येत नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आपण जिला आरसीआय म्हणतो ती, या व्यवसायाची नोंदवही ठेवते. नोंदणी नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्या कायद्यात लिहिलेलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आरसीआयच्या मान्यतेशीच बांधली आहे. ‘समुपदेशक’ या नावाला मात्र अजून असं पक्कं कुंपण नाही, म्हणून त्या नावाखाली आठवड्यांचे, महिन्यांचे, रविवारचे असे कसलेही अभ्यासक्रम विकले जातात. त्या तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर तुला जिल्हा रुग्णालयात पद मिळणार नाही, मुलाची बुद्धिमापन चाचणी घेऊन कायदेशीर अहवालावर सही करता येणार नाही, की मनोरुग्णालयात उपचार करता येणार नाहीत. तुझ्या वडिलांचे पंधरा-वीस हजार जातील आणि तू जिथे आहेस तिथेच राहशील. आपल्याकडच्या हुशार मुली याच वळणावर अडकतात. घरात विचारायला कुणी नसतं, आणि जाहिरात दारापर्यंत येते. तो फॉर्म भरू नकोस.

खऱ्या अभ्यासक्रमाची रचना सध्या बदलते आहे, तेही माहीत असू दे. आमच्या पिढीने एम.ए. करून पुढे दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजीला तेवढी २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ मिळाली. परिषदेने चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स, दोन वर्षांचं क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.ए. आणि पुढे साय.डी. ही डॉक्टरेट अशी नवी रचना आणली आहे. अशा बदलाच्या काळात फसवणूक सोपी होते. म्हणून कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी दोन गोष्टी कर. परिषदेच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत ते नाव आहे का, ते स्वतः पाहा. आणि हा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर माझी नोंदणी नेमकी कोणत्या नावाने होईल, हे संस्थेला ईमेलने विचार आणि उत्तर जपून ठेव. ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ म्हणजे मान्यता नव्हे.

एका दाराबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. नोकरी करत, शेती सांभाळत, लेकरं वाढवत कितीतरी जणींनी इग्नूमधून मानसशास्त्राचं एम.ए. केलं होतं. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेले विषय दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला बंदी घातली. रुग्णासमोर बसल्याशिवाय हे काम शिकता येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण दर्जासाठी एक दार बंद करायचं असेल, तर गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये, बीडमध्ये प्रत्यक्ष शिकवणारी केंद्रं उघडायला हवी होती. ती उघडण्याआधीच हे दार बंद झालं, याचा भार कुणावर पडला ते मी रोज पाहते. तुझं वय कमी आहे, घरची जबाबदारी अजून खांद्यावर नाही. तू नियमित एम.ए.लाच जा.

आता पैशाचं बोलू, कारण तुझ्या पत्रात ते कुठेच नव्हतं आणि माझ्या मते सगळ्यात मोठा अडसर तोच आहे. हे प्रशिक्षण पूर्णवेळ असतं. सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी केस सादर करायची, रात्री ती लिहायची. सोबत अर्धवेळ नोकरी होत नाही. एकेका केंद्रात जागा मोजक्याच असतात, कारण मार्गदर्शक किती आहेत त्यावर त्या ठरतात. सरकारी संस्थेत शुल्क कमी असतं. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी प्रशिक्षणार्थींना विद्यावेतनही मिळत आलं आहे. खाजगी विद्यापीठांत मात्र शुल्क लाखांत जातं. त्यात परक्या शहरातली खोली, मेसचा डबा, प्रवेश परीक्षांसाठी बंगळुरू, रांची, तेजपूर, दिल्लीपर्यंतचं रेल्वेभाडं, आणि या वर्षांत घरात न आलेला पगार. एवढं सगळं ज्या घराला परवडतं, त्याच घरातली मुलं या व्यवसायात जास्त दिसतात. त्यांची हुशारी मी नाकारत नाही. पण निवड परीक्षेच्या कितीतरी आधी, घरच्या हिशेबाच्या वहीत होऊन गेलेली असते, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

इंग्लंडमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीचे बहुतेक प्रशिक्षणार्थी सरकारी आरोग्य सेवेचे पगारी कर्मचारी असतात. तरीही तिथे गोऱ्या, मध्यमवर्गीय घरांतल्या मुलीच फार पुढे येतात असं लक्षात आलं, तेव्हा सरकारी पैशातून वांशिक अल्पसंख्य उमेदवारांसाठी मार्गदर्शनाच्या योजना सुरू झाल्या. नुसता पगार पुरला नाही. आपल्याकडे अजून पगाराशीच अडलं आहे.

म्हणून तुझा क्रम असा असू दे. पहिला प्रयत्न सरकारी संस्थांचा: निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बार्डोलोई संस्था, दिल्लीची इहबास, आणि आपल्या राज्यातल्या मान्यताप्राप्त सरकारी जागा. खाजगी संस्था शेवटी, तीही शिष्यवृत्तीचं पक्कं झाल्यावरच. कर्ज काढून घाई करू नकोस. एक वर्ष थांबून परीक्षा पुन्हा दिलेली परवडते.

एम.ए.च्या काळातल्या राहण्या-जेवणासाठी स्वाधार, स्वयम्, सावित्रीबाई फुले आधार, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना प्रवर्गाप्रमाणे आहेत. तुझ्यासाठी इतर मागासवर्गाची आधार योजना. तिच्या अटी इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात जाऊन वाच, मैत्रिणीने सांगितलेल्या ऐकीव अटींवर विसंबू नकोस.

दाखल्यांचं मात्र आजच मनावर घे. केंद्रीय संस्थेत राज्याच्या नमुन्यातला जातीचा दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो. ओबीसींची राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी, तुझी जात दोन्हींत आहे ना हे तपास. नॉन-क्रीमीलेअर त्या वर्षाचं वैध हवं. गुणवत्ता यादीत नाव येऊन केवळ कागदामुळे जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं दुःख नापास झालेल्यांपेक्षा मोठं असतं.

आणखी एक. एम.ए. करताना तुला कुणीतरी इंटर्नशिप देऊ करेल. काही ठिकाणी त्यासाठी विद्यार्थ्यांकडूनच पैसे घेतात, काही ठिकाणी महिनोन् महिने फुकट राबवून घेतात. पुण्या-मुंबईत घर असलेल्या मुलीला ते जमून जातं. तुला तिथे खोलीचं भाडं भरून फुकट काम करावं लागेल. करू नकोस. त्याऐवजी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकृतीशास्त्र विभागात, नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा तुझ्या तालुक्यातल्या मतिमंद मुलांच्या विशेष शाळेत रीतसर अर्ज करून, महाविद्यालयाचं पत्र घेऊन जा. विशेष शाळेत महिनाभर नुसतं बसलीस तरी पुस्तकातल्या अर्ध्या प्रकरणांना चेहरे मिळतील.

आता तुझ्या इंग्रजीबद्दल. तू लिहिलंस, ‘माझी भाषा गावाकडची आहे, मुलाखतीत हसतील.’ यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे.

प्रवेश परीक्षा इंग्रजीत असते. निदानाची डीएसएम आणि आयसीडी ही दोन्ही पुस्तकं इंग्रजीतच वाचावी लागतात, केसही इंग्रजीतच लिहावी लागते. त्यातून सुटका नाही आणि मी तुला खोटा धीर देणार नाही. रोज एक पान मोठ्याने वाच, त्याचा सारांश चार इंग्रजी वाक्यांत लिही, आणि तो तुझ्या सरांना किंवा मला पाठव. दोन वर्षांत वाचण्या-लिहिण्यापुरती इंग्रजी पक्की होते. उच्चार सुधारण्यात वेळ घालवू नकोस, कारण त्याने एकाही रुग्णाला बरं वाटत नाही.

पण या कामात केस लिहिण्याच्या आधी ती ऐकावी लागते. ऐकणं कोणत्या भाषेत होतं? आमच्या प्रशिक्षणात पहिलाच नियम असतो, की रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत उतरवायची. बाई म्हणते, ‘जीव घाबरा होतो, हातपाय गळून जातात, घरात कुणीतरी करणी केली.’ शहरात वाढलेला प्रशिक्षणार्थी ‘करणी’ ऐकतो आणि त्याची पेन्सिल भ्रमाच्या रकान्याकडे वळते. तुला माहीत असतं की गावात निम्म्या बायका तसंच म्हणतात आणि त्यांना आजार असतोच असं नाही. तू पुढचा प्रश्न विचारशील: कधीपासून, कुणी केली, बाकीच्यांनाही तसंच वाटतं का. आजार आणि गावाची समजूत यांतली रेघ त्या प्रश्नांनी ठरते. चुकीच्या निदानाने त्या बाईला वर्षानुवर्षं नको ती गोळी जाऊ शकते. तुझं गावाकडचं ऐकणं ही या विद्येतली कसोटीची गोष्ट आहे. ती कमतरता समजून झाकू नकोस.

चाचण्यांचंही तसंच आहे. १९३० च्या दशकात धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. ती बिने-कामत म्हणून अजून वापरात आहे. १९६९ मध्ये इथे नागपुरात आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप केलं, तेही मराठीत उपलब्ध झालं. या कामांबद्दल मला आदर आहे. त्यांनी परक्या देशातल्या मुलांच्या मापाने आपली मुलं मोजणं थांबवलं. तरी शब्दांची चाचणी शाळेतल्या मराठीची असते, आणि महाराष्ट्रात कोलामी, माडिया, गोंडी, भिली बोलणारी मुलं आहेत.

तुझ्याच भागातल्या एका आश्रमशाळेतून एक कोलाम मुलगा आमच्याकडे तपासणीसाठी आला होता. शिक्षकांना तो मतिमंद वाटत होता. मराठीतल्या प्रश्नांना तो मान खाली घालून बसला. सोबत आलेल्या कामाठ्याने तेच प्रश्न कोलामीत विचारले, आणि मुलगा बोलू लागला. पुढे ठोकळ्यांच्या, चित्रजुळणीच्या, भाषा न लागणाऱ्या चाचण्या घेतल्या. मुलगा त्याच्या वयाला साजेसा होता. त्या दिवशी कामाठी आला नसता तर? दिव्यांग हक्क कायद्यानुसार आरक्षणासारख्या सवलतींसाठी चाळीस टक्के ही रेघ आहे. गरजू मुलाला दाखला मिळणं जितकं महत्त्वाचं, तितकंच चांगल्या मुलाच्या कपाळी तो न लागणं महत्त्वाचं. आणि तो निवाडा चाचणी घेणाऱ्या माणसाच्या हाती असतो.

अमेरिकेत हे एका बाईंनी दाखवून दिलं आहे. मेमी फिप्स क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ. बाबासाहेब जिथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी १९४३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पदवी हाती असूनही कामाची जागा मिळेना. १९४६ मध्ये त्यांनी पती केनेथ यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मुलांसाठी स्वतःचं केंद्र काढलं. शाळांनी मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात टाकलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे पालक त्यांच्याकडे येऊ लागले. नीट तपासल्यावर दिसलं की त्यांतली बरीच मुलं त्या वर्गात बसवण्याजोगी नव्हतीच. चाचण्या आधीही होत्या. त्या मुलांकडे संशयाऐवजी उत्सुकतेने पाहणारं माणूस खुर्चीत नव्हतं. या दाम्पत्याने बाहुल्या वापरून केलेल्या अभ्यासांना पुढे १९५४ च्या शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या निकालातही स्थान मिळालं.

म्हणून कुणी तुला म्हणालं, की राखीव जागांनी दर्जा घसरतो, तर वाद घालत बसू नकोस, तो कोलाम मुलगा आठव. या व्यवसायात सगळे एकाच थरातले असले तर दर्जा तिथे घसरतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहापैकी एकाहून अधिक प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचाराविना होते. त्या फेरीत बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने सांगितलं की लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, जिथे तीन हवेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तर त्याहून कमी, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. तालुक्याला परत येणारं माणूस तालुक्यातूनच जावं लागतं. शहरातल्या माणसाला बदलीच्या धमकीने तिथे टिकवता येत नाही, हे आपण पाहतोच.

मुलाखतीत विचारतील, ‘याच क्षेत्रात का?’ तेव्हा गरिबीची कहाणी सांगू नकोस. दया दाखवून कुणी जागा देत नाही, आणि दिली तरी ती तुला आत टोचत राहील. तू जे पाहिलं आहेस ते सांग. आत्महत्या झालेल्या घरात तेराव्यानंतर कुणी फिरकत नाही, हे तू पाहिलंस. अंगात येणाऱ्या काकूला दर्ग्यात, देवळात, मांत्रिकाकडे नेलं, आणि दवाखान्यात सगळ्यात शेवटी, हेही पाहिलंस. हे निरीक्षण आहे, आणि पॅनलवर बसणाऱ्या जाणत्या माणसाला निरीक्षणाची किंमत कळते.

आत गेल्यावर एकटं वाटेल. सुरुवातीचे काही महिने फार. कुणी आडनावावरून अंदाज बांधेल, कुणी ‘कोट्यातली का?’ असं हसत विचारेल. त्या वेळी खोलीत दार लावून बसू नकोस. आधीच्या तुकडीतल्या, तुझ्याच वाटेने आलेल्या मुली शोध, त्या असतात. छळाच्या पातळीवर गोष्ट गेली तर तारीख-वेळ टाकून लिहून ठेव आणि संस्थेच्या समान संधी कक्षाकडे लेखी तक्रार कर. झोप उडाली, जेवण सुटलं, तर १४४१६ वर टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी आहे, तिथे मराठीत बोलता येतं. या व्यवसायातल्या माणसाने मदत मागणं यात काहीही कमी नाही.

घरच्यांचं राहिलं. लोक म्हणतील, ‘पोरगी वेड्यांची डॉक्टर होणार.’ वडिलांना लोकांच्या बोलण्यापेक्षा लग्नाच्या वयाची काळजी जास्त आहे, हे मला आईच्या बोलण्यावरून कळलं. त्यांच्याशी मोठ्या शब्दांत बोलू नकोस. त्यांना सांग, की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात या पदाची तरतूद आहे, मनोरुग्णालयांत, वैद्यकीय महाविद्यालयांत, विशेष शाळांत या नोंदणीच्या माणसाची गरज असते, आणि ती नोंदणी लग्नानंतरही तुझ्याच नावावर राहते. हवं तर मी त्यांच्याशी फोनवर बोलते. मामाला नमस्कार सांग. बी.एड. वाईट नाही, पण मन नसताना शिक्षक होणं मुलांवर अन्याय आहे, एवढं त्याला माझ्याकडून कळव.

या व्यवसायातल्या माझ्या सहकाऱ्यांकडेही मी गेली काही वर्षं एक मागणं लावून धरलं आहे: प्रवेशाच्या मुलाखतीत स्थानिक बोलीचं ज्ञान गुणांत धरा, आणि प्रत्येक प्रशिक्षणार्थीला जगण्यापुरतं विद्यावेतन द्या. अजून ते मान्य झालेलं नाही. तू आत आलीस की मागणाऱ्यांत एक आवाज वाढेल.

या आठवड्यात सेतू केंद्रात जाऊन केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्याचा अर्ज टाक. एम.ए. प्रवेशाची शेवटची तारीख विद्यापीठाच्या सूचनेत पाहून मला कळव. परीक्षेच्या फीचं अडलं तर संकोच न करता सांग. आणि त्या तीन महिन्यांच्या संस्थेचा फोन परत आला, तर नको म्हणून ठेवून दे.

तुझी,
मावशी